तिसऱ्या पानावरचं कारण

ताई,

मी 26 वर्षांची आहे. वैद्यकीय प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून चार वर्षं काम करते. मला परदेशात जायचं आहे, मुख्यतः पगारासाठी. माझी कॉलेजमधली मैत्रीण दोन वर्षांपूर्वी गेली. तिचे फोटो पाहिले की आपणच मागे राहिलो असं वाटतं. आई म्हणते, जा, मला जमलं नाही ते तू कर. बाबांचं म्हणणं, एकटी नको. बाहेर असलेल्या मुलाशी लग्न कर आणि मग खुशाल जा. अर्ज 14 महिने अर्धवट भरून पडलाय. एका एजंटला थोडे पैसे दिलेत, पासपोर्टही त्यानेच जपून ठेवलाय.

मध्यंतरी माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाला वरची जागा मिळाली. घरी यायला साडेआठ झाले तर मला आधी फोन करून कारण सांगावं लागतं, भावाला लागत नाही. पण हे काही जाण्याचं कारण नव्हे. भाऊ परवा हसत म्हणाला, तुला जायचं नाहीये, तुला पळायचंय. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. माझी इच्छा खरी आहे का?

– एक वाचक

प्रिय मुली,

बाकी सगळं नंतर. आधी तो पासपोर्ट परत आण. व्हिसासाठी पासपोर्ट काही दिवस द्यावा लागतो, पण तो वकिलातीला किंवा तिने नेमलेल्या केंद्राला, आणि पावती घेऊन. ‘जपून ठेवायला’ तो कुणालाही देत नाहीत. कामगाराची ओळखपत्रं दुसऱ्याने अडकवून ठेवणं ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जबरदस्तीच्या मजुरीची एक खूण मानली आहे. अशा एकूण 11 खुणा तिने सांगितल्या आहेत. तुझा एजंट तसा असेलच असं मी म्हणत नाही. तू दुसऱ्या एजंटकडे जाऊ नयेस, एवढ्यासाठीच बहुधा तो पासपोर्टवर बसला असेल. पण ते तरी कशाला चालवून घ्यायचं? याच संघटनेचा 1997 चा 181 क्रमांकाचा करार सांगतो की खासगी भरती एजन्सीने कामगाराकडून फी घेऊ नये. त्याला अपवाद आहेत आणि सगळ्या देशांनी तो स्वीकारलेलाही नाही. तरी भरतीचा खर्च मुळात मालकाचा, हे आपल्याला ठाऊक असलं की समोरच्याशी बोलताना आवाज आपोआप बदलतो. दिलेल्या पैशांचीही पावती माग. पावती मिळत नसते असं तो म्हणाला, तर पुढचं काही विचारायची गरज उरणार नाही.

आता तुझं पत्र. तू तीन पानं लिहिलीस, मी इथे ती आखडून छापली आहेत. पहिलं पान अख्खं पगाराचं आहे. तिथे किती मिळतं, इथे किती, किती वर्षांत किती शिल्लक पडेल, सगळा हिशेब नीटनेटका मांडलाय. दुसऱ्या पानावर मैत्रीण, आई आणि बाबा येतात. तिसऱ्या पानाच्या तळाशी, अक्षर बारीक करून, तू वरची जागा आणि साडेआठचा फोन लिहिलास. त्यानंतर ‘हे काही कारण नव्हे’ असंही लिहिलंस. त्या वाक्याच्या आधी एक ओळ खोडलेली आहे. ती मी उजेडासमोर धरून वाचली. माफ कर, पत्रं वाचणाऱ्याला ही खोड लागतेच. तिथे लिहिलंय: ‘मला कुणाला न विचारता एक दिवस काढायचा आहे.’

पगार हे चारचौघांत सांगता येण्याजोगं कारण आहे. त्यावर कुणी दुखावत नाही. नातेवाइकांसमोर ‘तिकडे पैसे चांगले मिळतात’ म्हटलं की माना डोलतात. ‘इथे मला उत्तरं देऊन देऊन कंटाळा आलाय’ म्हटलं तर आईचा चेहरा उतरतो, बाबा गप्प होतात. म्हणून बायका पैशांचं कारण पुढे करतात आणि हळूहळू स्वतःही तेच खरं मानू लागतात. पैसा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण नुसत्या पैशाने तुला हलवलं असतं, तर अर्ज 14 महिने पडून राहिला नसता.

भावाचा शब्द तुला लागला, कारण त्यात थोडं तथ्य आहे. पण ‘पळणं’ म्हणजे हलकी इच्छा आणि ‘जाणं’ म्हणजे भारदस्त, हे कुणी ठरवलं? पुरुष चांगल्या संधीसाठी गेला की तो महत्त्वाकांक्षी आणि बाई घुसमटीतून निघाली की ती पळपुटी, हा हिशेब मला मान्य नाही. माणूस एकाच वेळी कशापासून तरी दूर आणि कशाकडे तरी जवळ जात असतो. एव्हरेट ली नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1966 मध्ये हेच मांडलं होतं: इथल्या गोष्टी, तिथल्या गोष्टी, मधल्या अडचणी आणि जाणाऱ्याचा स्वतःचा स्वभाव, या चारांतून निर्णय होतो. त्या आधी, 1885 मध्ये, भूगोलतज्ज्ञ रेव्हनस्टाइन यांनी ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे चाळून लिहिलं होतं की जवळच्या अंतरात बायकाच पुरुषांपेक्षा जास्त हलतात. तरीही पुढे कित्येक वर्षं स्थलांतरावर लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पुरुषच होता आणि बाई त्याच्या सामानासोबत आलेली. 1984 मध्ये समाजशास्त्रज्ञ मिर्याना मोरोक्वासिच यांना मुद्दाम लिहून सांगावं लागलं की हे स्थलांतरी पक्षी मादीही असतात. 2020 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार आपला देश सोडून राहणाऱ्या 28 कोटी 10 लाख माणसांत जवळपास 48 टक्के बायका होत्या. उच्चशिक्षितांचा हिशेब तर आणखी वेगळा आहे. डॉकिए, लोवेल आणि मारफूक या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं की शिकलेल्या बायकांचं देश सोडण्याचं प्रमाण शिकलेल्या पुरुषांपेक्षा सरासरी 17 टक्क्यांनी जास्त आहे.

हे असं का? एक कारण तुझ्या तिसऱ्या पानावरच आहे. शिक्षणाने ज्या दारापर्यंत आणून सोडलं, ते दार कामाच्या जागी उघडत नाही आणि घरी तर ठोठावायचीही सोय नाही, तेव्हा शिकलेली मुलगी लांब बघू लागते. मात्र याला दुसरी बाजू आहे आणि ती फार क्रूर आहे. ज्या बंधनांमुळे निघावंसं वाटतं, तीच बंधनं निघण्याची साधनंही काढून घेतात: हातात पैसा नाही, कागदपत्रं दुसऱ्याच्या कपाटात, एकटीने चौकशीला जायचं तरी परवानगी. स्थलांतराचे अभ्यासक यॉर्गेन कार्लिंग यांनी पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरच्या लोकांचा अभ्यास करून 2002 मध्ये हे फार नेमकं मांडलं. इच्छा वेगळी आणि क्षमता वेगळी. इच्छा आहे पण क्षमता नाही, अशा अवस्थेला त्यांनी नाइलाजाने जागीच राहणं म्हटलं. आपण स्थलांतर करणाऱ्यांबद्दल खूप बोलतो, पण मनाने कधीच गेलेल्या आणि देहाने तिथेच बसलेल्या बायकांची मोजदाद कुणी ठेवत नाही.

तू त्यांच्यातली नाहीस. तुझ्याकडे नोकरी आहे, पदवी आहे, पासपोर्ट आहे (म्हणजे परत आणलास की असेल). मग अर्ज का अडकलाय?

इथे थोडे आकडे सांगते, तुला बरं वाटेल. जनमत पाहण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेने 2013 ते 2016 या काळात जगभर विचारलं, तेव्हा संधी मिळाली तर कायमचं दुसऱ्या देशात जाऊ म्हणणारे प्रौढ 14 टक्के निघाले, म्हणजे सुमारे 71 कोटी. गॅलपच्याच 2010 ते 2015 च्या पाहण्यांवरून आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने पुढचा हिशेब केला. येत्या 12 महिन्यांत जायचा बेत असलेले साधारण 6 कोटी 60 लाख आणि खरोखर तयारीला लागलेले 2 कोटी 30 लाख. वाटणं, ठरवणं आणि हात हलवणं यांत एवढं अंतर असतं, सगळ्यांचंच असतं. तेव्हा अर्ज पडून राहिला म्हणून इच्छा खोटी ठरत नाही.

मानसशास्त्रज्ञ आइझेक आझेन यांची एक मांडणी आहे, 1991 चा त्यांचा लेख सगळीकडे वापरला जातो. माणसाचा इरादा तीन गोष्टींवर उभा राहतो: ती गोष्ट आपल्याला कितपत चांगली वाटते, आपल्या जवळच्यांना काय वाटतं, आणि ती आपल्या हातून होईल असा भरवसा कितपत आहे. तुझं पत्र या तीन चाळण्यांतून काढलं. पहिलीत तू पास आहेस. दुसरीत आई एका बाजूला ओढते, बाबा दुसऱ्या, म्हणजे तिथे बरोबरी. तिसऱ्या चाळणीत मात्र पत्रात काहीच सापडलं नाही. तुझी पदवी तिथे धरतात का, धरत असतील तर थेट की पुन्हा परीक्षा देऊन, नोंदणी कोण करतं, कुणाच्या देखरेखीखाली काही महिने काम करावं लागतं का, भाषेची पातळी किती हवी, यातलं एक अक्षर तुझ्या तीन पानांत नाही. पगाराचा हिशेब पैशापर्यंत केलास आणि ज्या दाराने आत जायचं ते दार कुठल्या बाजूला आहे हे पाहिलंच नाहीस.

म्हणून मला वाटतं, तुझी अडचण इच्छेची नाही. ज्याला वाट ठाऊक नसते तो उगाच स्वतःच्या मनाची झडती घेत बसतो.

प्रयोगशाळेतलं काम बऱ्याच देशांत नोंदणीशिवाय करता येत नाही. तू ज्या देशाचं नाव लिहिलंस (मी छापलं नाही), तिथे तुझ्या पेशाची नोंदणी करणारी संस्था शोध आणि माहिती थेट तिच्याकडून घे, एजंटकडून नको. एजंटला तू गेलीस की पैसे मिळतात. तू तिथे तंत्रज्ञ म्हणून लागलीस की बाटल्या धुवायला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

हे मी थोड्या रागाने लिहितेय, कारण मी त्यातून गेले आहे. मी सहा वर्षं बाहेर होते. माझी पदवी तिथे धरतात असं मला ज्याने सांगितलं, त्याने अर्धंच सांगितलं होतं. पहिले अकरा महिने मी माझ्या शिक्षणाशी सुतराम संबंध नसलेलं काम केलं. चार जणींत एक खोली होती आणि माझ्या वाट्याला खिडकीजवळची जागा आली होती. त्या खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचा फोटो मी घरी पाठवायचे. झाड खरंच सुंदर होतं. फोटोत मी काही खोटं सांगत नव्हते, फक्त कॅमेरा खोलीकडे वळवत नव्हते. माझे फोटो बघून माझी एक मावसबहीण निघायच्या तयारीला लागली, तेव्हा मला दरदरून घाम फुटला आणि मी तिला तासभर फोन केला.

तुझ्या मैत्रिणीकडे तसा फोन लाव. आधी कुणीतरी गेलेलं असणं ही फार मोठी गोष्ट आहे. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोतून अमेरिकेत जाणाऱ्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यांतून हेच दिसतं: पहिला माणूस जातो तेव्हा सगळ्यात महाग पडतं, त्याच्या मागून जाणाऱ्याला राहायची जागा, कामाची खबर आणि धीर आयता मिळतो. बाईच्या बाबतीत तर ओळखीची बाई तिथे असणं म्हणजे घरच्यांचं अर्धं मन वळलं. पण त्याच साखळीतून गैरसमजही आयते मिळतात. तेव्हा तिला ‘कसं आहे तिकडे?’ असं विचारू नकोस, त्याचं उत्तर ‘मस्त’ असंच येतं. आपल्या क्षेत्रातलं पहिलं काम किती महिन्यांनी मिळालं? तोवर काय केलं? आजारी पडलीस तेव्हा औषध कुणी आणून दिलं? रात्री कामावरून एकटी येतेस का? परत यावंसं सगळ्यात जास्त कधी वाटलं? शेवटच्या प्रश्नावर ती थोडा वेळ गप्प बसली तर बसू दे. घाईने दुसरं काही बोलू नकोस.

आईबद्दल थोडंच. तिचा आधार मोठा आहे, घे. फक्त तिचं राहून गेलेलं आयुष्य सामानात भरू नकोस. उद्या तिथे नाही जमलं आणि परत यावंसं वाटलं, तर तुला दोघींचं अपयश उचलून आणावं लागेल. तिला आत्ताच सांगून ठेव की मी परतही येऊ शकते. ती थोडी खट्टू होईल, मग सावरेल.

बाबांचा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण त्यात काळजी आणि धोका एकत्र आहेत. ‘लग्न करून जा’ म्हणताना त्यांना तू सुरक्षित असावीस असं वाटतं. पण व्हिसाच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा निघतो. जोडीदार म्हणून गेलीस तर तुझा तिथे राहण्याचा हक्क बहुधा त्याच्या परवान्याला टांगलेला असेल. काही देशांत, काही परवान्यांवर, जोडीदाराला काम करता येतं, काहींवर नाही. त्याची नोकरी सुटली तर तुझंही राहणं धोक्यात. आणि लग्नच फिसकटलं, तर जी मुलगी घरी साडेआठचं कारण सांगत होती, तिला परक्या देशात राहता येईल का हेही त्याच एका माणसाच्या मर्जीवर येऊ शकतं. जेकब मिन्सर या अर्थतज्ज्ञाने 1978 मध्ये अशा जोडीदारांना बांधलेले प्रवासी म्हटलं: कुटुंबाचा एकूण फायदा होतो म्हणून जातात, स्वतःचं नुकसान झालं तरी. एक आकडा मला नेहमी खटकतो. परदेशी राहणाऱ्यांत बायका जवळपास निम्म्या, पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2019 च्या अंदाजात परदेशी कामकऱ्यांत त्या 41.5 टक्केच. या तफावतीला कारणं अनेक आहेत. बांधून गेलेल्या, शिकलेल्या, घरी बसलेल्या बायकाही तिच्यातच कुठेतरी आहेत.

म्हणून बाबांशी लग्नावर वाद घालू नकोस, त्यात तू हरशील किंवा दोघं हराल. त्यांना इतकंच विचार: ‘राहायचा परवाना कुणाच्या नावावर असेल?’ ज्यांना मुलीची काळजी आहे, त्यांना हा प्रश्न कळतो. तुझ्या स्वतःच्या नोंदणीवर, स्वतःच्या करारावर गेलीस आणि मग मनासारखा कुणी भेटला, तर लग्न तिथेही होतं. आणि आधीच कुणी मनात भरला, तर त्याचा पगार विचारण्याआधी त्याचा परवाना कुठल्या प्रकारचा आहे आणि त्यावर जोडीदाराला काम करता येतं का, हे विचार. या प्रश्नाने कुणी चिडला तर तीही माहितीच.

आता तुझा मूळ प्रश्न. इच्छा खरी आहे का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तुला तपासता येईल. समज, उद्या ती वरची जागा तुला मिळाली आणि साडेआठचा फोन बंद झाला. मग अर्ज पुरा करशील का? ‘नाही’ म्हणालीस तर तुला देश बदलायचा नाहीये, तुला स्वतःच्या किल्लीची खोली हवी आहे आणि ती दुसऱ्या शहरातही मिळते. तिथे प्रयोगशाळा आहेत, नोंदणीची एवढी खटपट नाही, भाषेची परीक्षा नाही, कंटाळलीस तर गाडीत बसून घरी. परदेशाची स्वप्नं बघणाऱ्यांना हा पर्याय अगदी मचूळ वाटतो, हे मला माहीत आहे. पण एकटीने भाडं भरणं, तापात स्वतःचं स्वतः उठून पाणी घेणं, सुटीच्या दिवशी कुणीच न बोलणं, हे तिथे स्वस्तात कळतं. माणसं टप्प्याटप्प्याने लांब जातात, हेही रेव्हनस्टाइन यांनीच लिहून ठेवलंय. वर्षभर दुसऱ्या शहरात राहून मग निघालीस तर घरच्यांचाही सराव झालेला असेल, तुला साडेआठला फोन न करण्याचा आणि त्यांना वाट न बघण्याचा.

आणि ‘हो, तरीही करीन’ असं आलं, तर भावाला सांगायची गरज नाही. नोंदणीच्या संस्थेला पत्र टाक, पुढची कामं तिच्या उत्तरातूनच निघतील. निघताना परतीच्या तिकिटाइतके आणि तीन महिने तग धरण्याइतके पैसे अशा खात्यात ठेव ज्याला फक्त तुझा हात लागतो. हे पैसे पराभवाची तयारी म्हणून ठेवायचे नाहीत. माझ्याकडे ते नव्हते, म्हणून मी त्या अकरा महिन्यांत ज्याला ‘नाही’ म्हणायला हवं होतं त्याला म्हणू शकले नाही.

खोडलेली ती ओळ मात्र पुन्हा लिही. मला नको, तुझ्या अर्जाच्या फायलीत ठेव. जिथे कुठे राहायला जाशील, तिथे महिन्याभराने काढून वाच.

तुझी,
ताई

ता. क. – भाषेच्या परीक्षेची घाई करू नकोस. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण साधारण 2 वर्षंच ग्राह्य धरतात. तुझ्या अर्जाच्या वेगाने गेलीस तर ती दोनदा द्यावी लागेल. नोंदणीची संस्था कुठली परीक्षा मागते ते आधी पाहा, मग फी भर.